अण्णांची सागबाग

झाडाला कुणी मिठी मारलेली दिसली की आजकाल लोक लगेच मोबाईल काढतात. आमचे मन्मथप्पा अण्णा रोज सकाळी निघून जमेल तेवढ्या झाडांना मिठ्या मारून यायचे, आणि त्यातली निम्मी दुसऱ्या आठवड्यात तोडायला माणसं पाठवायचे. आता बोला!

अण्णा उभ्या झाडांचे व्यापारी. लोहारा, माकणी, उमरगा हा सगळा पट्टा त्यांच्या पायाखालचा. कुणाच्या बांधावर लिंब आहे, कुणाची बाभूळ पिकली, कुणाच्या विहिरीवर साग उभा आहे, हे त्या शेताच्या मालकाआधी अण्णांना ठाऊक. झाड उभं असतानाच सौदा करायचा, वनखात्याचा परवाना रीतसर काढायचा, तोडायचं आणि आरा मशीनवर पोचवायचं. टेप कायम खिशात, पण आधी मिठी. दोन्ही हात बुंध्याभोवती टाकायचे, गाल सालीला टेकवायचा, डोळे मिटायचे, मूठ वळून दोनदा ठोकायचं. मग टेप.

मी एकदा न राहवून विचारलं, "अण्णा, टेप आहे ना? मग ही मिठी कशाला?"

"टेपाला गोलाई कळती बाई. पोकळ हाय का भरीव, ते टेपाला कळत न्हाय."

आतून महानंदाकाकूंचा आवाज आला, "सगळ्या तालुक्यातल्या झाडांच्या गळ्यात पडून आले. आमी एक घरात उभ्या हाओत, आमच्यात काय पोकळ हाय ते कुणी इचारंना!"

अण्णा कानापर्यंत लाल झाले. ही दोघं माझे घरमालक. मी मूळची कळंबची, लोहाऱ्याच्या शाळेत बाई म्हणून आले आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला लागले. माझं तोंड फटकळ. काकूंचं माझ्याहून फटकळ. त्यामुळं आमचं पहिल्याच दिवशी जमलं. काकू आळंदकडच्या, माहेर कर्नाटकातलं. राग आला की मराठी सोडून कन्नडात शिरायच्या, आणि "साकु!" म्हणजे "पुरे!" असं ओरडल्या की अण्णा मुकाट्यानं टोपी घालून बाहेर पडायचे.

अण्णा दिसायला अगदी साधे. पांढरा शर्ट, पायजमा, खांद्यावर टॉवेल, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. आणि भुवयांत कायम लाकडाचा भुसा. अंघोळ केली तरी तो जायचा नाही. काकू म्हणायच्या, "ह्यांला झाडलं तर एक चूल पेटंल."

कुणाच्याही घरी गेले की माणसांना राम राम नंतर, आधी दाराची चौकट चाचपायची. त्या सवयीनं एकदा काय झालं ते सांगते. त्यांची एकुलती एक लेक सुवर्णा, तिच्यासाठी लातूरला मुलगा बघायला गेले होते. काकूंनी आग्रह करून मलाही नेलं. मंडळी बसली, पोहे आले, पगारपाणी विचारून झालं, आणि बघते तो अण्णा जागेवर नाहीत. ते दारामागं उभे राहून चौकट ठोकत होते. मुलाचे वडील कौतुकानं म्हणाले, "अस्सल साग आहे, आमच्या वडिलांनी करवून घेतलेला."

अण्णा म्हणाले, "आंबा हाय. वर रंग दिलाय."

झालं! काकूंनी कपाळाला हात लावला. मुलाच्या वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी पोह्यातले शेंगदाणे मोजायला लागले. पण तो मुलगा खदखदा हसला आणि म्हणाला, "मलापण आजच कळलं." परत येताना एसटीत काकू धुमसत होत्या. अण्णा शांतपणे म्हणाले, "सोयरीक करून टाका. खोटं बापाचं हाय, पोराचं न्हाय. पोरगं भरीव हाय." लग्न झालं, आणि तो जावई खरोखरच भरीव निघाला. आता बोला!

त्यांचा एक नियम मला फार आवडायचा. गावात कुणी गेलं आणि सरणाला लाकूड हवं असलं की अण्णा भाव सांगत नसत. आपल्या वखारीतलं चांगलं वाळलेलं लाकूड स्वतः काढून द्यायचे. ते लिंगायत, त्यांच्यात दहन नाही, बसवून माती देतात. ते म्हणायचे, "आपल्याला शेवटी काडी लागत न्हाय. मग ज्याला लागती त्याच्याशी त्या येळंला काय सौदा करायचा?"

माकणीच्या वाटेवर अण्णांची मुरमाड उताराची जमीन होती. तिथं त्यांनी साग लावला. भाऊबंद हसले. "सोयाबीन टाक, दरसाल पैका दिसंल. सागाचं काय, तू म्हातारा हुशील तवा!" अण्णा म्हणाले, "म्हातारा तर म्या सोयाबीन टाकूनबी हुणारच की."

त्यांनी साग वाटेल तसा नाही लावला. सागजड्या आणल्या, म्हणजे सागाची मुळासकटची छाटलेली खोडं, आणि मुद्दाम दाट लावल्या. दाट लावलं की झाडं उजेडासाठी वर पळतात, सरळ होतात, बाजूला पसरत नाहीत. मग बगलेचे फुटवे काढत राहायचे. आणि झाडं एकमेकांना भिडली की विरळणी करायची, एकाआड एक झाड तोडायचं. तोडलेल्याच्या बल्ल्या, म्हणजे बारीक वासे, विकायच्या, राहिलेली जाड होऊ द्यायची. काही वर्षांनी परत तेच. "बारीक झाडं लई असली तर त्येचं जळतण हुतं बाई. थोडी अन् जाड असली तर त्येची दारं हुत्यात. सगळा धंदा एवढाच हाय," असं ते मला सांगायचे.

ऐकायला सोपं आहे. पण पहिले दोन उन्हाळे त्या रोपांना डोक्यावरून घागरी वाहून पाणी घातलं होतं काकूंनी. विहीर खाली ओढ्याकाठी, बाग वर. विरळणीची वेळ आली आणि घरात युद्ध पेटलं.

"लेकरावाणी वाढवली अन् आता निम्मी मारायची? कोण सांगितलंय?"

"अगं, एका ताटात दोघं जेवली तर दोघंबी उपाशी. एकाला उठवावं लागतंय."

"मग तुमी उठा ताटावरनं!"

अण्णांनी त्यापुढं वाद घातला नाही. तोडायच्या झाडांना चुन्याचा पट्टा मारून आले. भूम तालुक्याकडची तोडणारी माणसं ठरली होती, त्यांच्या मुकादमाला सांगितलं, "पांढरं दिसलं की पाडा." आणि स्वतः दुसऱ्या एका परवान्याच्या कामाला धाराशिवला गेले.

इकडं काकूंनी सकाळी पूजा केली, भस्माचा गोळा पदरात बांधला आणि बाग गाठली. मधोमधची झाडं त्यांची लाडकी, कारण पाणी तिथंच कमी पोचायचं आणि तीच त्यांनी जीव लावून जगवली होती. ती वाचावीत म्हणून त्यांनी एकेका झाडाला तीन बोटांनी भस्माचे पट्टे ओढले. देवाचं लेणं लागलं की त्याला कुऱ्हाड लागत नाही, अशी त्यांची श्रद्धा. हात जोडले, घरी आल्या, मला म्हणाल्या, "आता बघू कोण हात लावतंय!"

मुकादम बिचारा परगावचा. त्याला चुना काय आणि भस्म काय! पांढरं दिसलं, पाडलं.

संध्याकाळी अण्णांबरोबर मीही बागेत गेले. चुन्याची झाडं गेली होतीच, पण मधली भस्माचीही सगळी गेली होती. बागेच्या पोटात हे एवढं मोकळं भगदाड. मुकादम टोपी हातात घेऊन लांब उभा होता. आणि काकू त्या आडव्या झाडांत मांडी घालून बसल्या होत्या. रडत मात्र नव्हत्या. मला वाटलं, आता अण्णा काहीतरी बोलणार. तिकडं कळंबला असलेल्या माझ्या नवऱ्यानं अशा वेळी काय ऐकवलं असतं ते मला माहीत होतं.

अण्णा गेले आणि त्यांच्याशेजारी बसले. टॉवेलनं त्यांच्या साडीवरचा भुसा झटकला. जवळच्या ओंडक्यावरच्या पट्ट्यांना हात लावून म्हणाले, "महानंदा, भस्म लावून गेली गं ही. आपली माणसं जात्यात तशी गेली. आणखी काय पायजे त्यांला?"

तेव्हा कुठं काकू रडल्या. मीही रडले. मुकादमही रडला. अण्णांनी त्याला पूर्ण मजुरी दिली आणि वर घरी जेवायला आणलं.

पुढची गंमत अशी, की त्या भगदाडाच्या कडेची झाडं बाकीच्यांपेक्षा कितीतरी जाड झाली. उजेड मिळाला ना त्यांना! अण्णा बाहेरच्या व्यापाऱ्यांना ती झाडं दाखवून सांगायचे, "माझ्या हुशारीनं झालं ते तिकडलं बारीक. हे जाड हाय ते हिच्या चुकीनं झालंय." काकू खोटंखोटं रागवायच्या, पण त्यांना आवडायचं. ती मोकळी जागा त्यांची झाली. उन्हाळ्यात तिथं कुरडया वाळत घालायच्या, सणाला आम्ही तिथंच डबे सोडायचो. पुढच्या विरळण्या झाल्या तेव्हा मात्र त्या बागेकडं फिरकल्या नाहीत. "कुठलं ठेवायचं, कुठलं मारायचं, तुमचं तुमी बगा. मला दाखवू नका," म्हणायच्या. आणि अण्णा एकटेच चुन्याचा डबा घेऊन जायचे.

काकू एका पावसाळ्यात गेल्या. कावीळ झाली आणि आठवड्यात सगळं संपलं. माती द्यायची तर शेतातच द्यायची, आणि शेतात जागा कुठली हे कुणी विचारलंसुद्धा नाही. बागेच्या मधल्या मोकळ्यात खड्डा घेतला. कपाळाला भस्म लावून, बेल वाहून काकूंना बसवलं. अण्णांनी पहिली मूठ टाकली आणि तिथंच उभे राहिले, बाजूला होईनात. जावयानं धरून बाजूला घेतलं. मी काकूंच्या एवढी जवळची, पण मला त्या दिवशी जास्त वाईट अण्णांचं वाटलं.

त्यानंतर अण्णांचा धंदा हळूहळू सुटला. गुडघेही गेले होते. बागेला मात्र रोज जायचे. वर्षं गेली तशी कडेची झाडं वाढून त्या मोकळ्या जागेवर छत्रीसारखी मिळाली. समाधीवर दिवसभर सावली. सुवर्णा यायची, फोटो काढायची, 'आईची बाग' म्हणून स्टेटसला ठेवायची. झाडं तोडायला आली होती. व्यापारी यायचे, बघायचे, तोंडाला पाणी सुटायचं त्यांच्या. अण्णा त्यांना चहा पाजायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि "पुढल्या साली बगू" म्हणून वाटेला लावायचे. विरळणीसुद्धा बंद. चुन्याचं नाव नाही. जगाची झाडं तोडणाऱ्या माणसाला स्वतःची तोडवेनात म्हणून वखारीवर लोक हसायचे. मला हसू यायचं नाही. मी एक-दोनदा म्हटलं, "अण्णा, राहू द्या की तशीच. कुठं बिघडतंय?" तर माझ्याशीही हवापाण्याचं बोलायला लागायचे.

मग एक दिवस चोरांनी एक झाड नेलं. समाधीच्या अगदी जवळचं. पडताना त्याची फांदी समाधीच्या कट्ट्यावर आपटली, कोपरा उडाला. सकाळी गडी सांगत आला तशी मी अण्णांना घेऊन रिक्षानं गेले. मला वाटलं, कोपरा बघून खचतील. पण ते समाधीकडं गेलेच नाहीत. बुंध्याशी बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कापलेल्या खोडावर बोट फिरवत राहिले. सागाच्या लाकडात वर्षावर्षाची कडी दिसतात. मधली रुंद होती. बाहेरची, सालीजवळची, एकाला एक चिकटलेली, दोऱ्यासारखी बारीक.

"बाई, हितं बगा," ते म्हणाले. "हितपातूर झाड वाढलंय. हितनं पुढं नुसतं उभं हाय."

"म्हणजे काय झालं त्याला? रोग?"

"रोग कसला! दाटी झाली. विरळणी केली न्हाय, खायला मिळालं न्हाय. महानंदा गेली तवापासनं." बोट त्या बारीक कड्यांवरच होतं. "माझ्या हातानं उपाशी ठेवली म्या. तिच्या भवतीची म्हणून हात लावला न्हाय, अन् सगळीच उपाशी ठेवली."

मी त्यांना हात धरून उठवलं आणि रिक्षात बसवलं.

घरी येऊन त्यांनी सुवर्णाला फोन लावला. बाग काढतोय म्हणाले, सगळी. ती दुसऱ्याच दिवशी लातूरहून आली. आधी भांडली, मग रडली. "अण्णा, आईच्या डोक्यावरची सावली काढताय तुम्ही! पैशाची काय कमी आहे आपल्याला? मी देते ना काय लागेल ते."

"पैशाचं न्हाय गं." अण्णा तिला जवळ बसवून म्हणाले. "मातीखाली तिला सावली काय अन् ऊन काय. सावली तुला पायजे, मला पायजे. म्या गेल्यावर तू तर कदीच कापणार न्हाईस. मग चोर नेतील, न्हायतर आतनं पोकळ हुन वाऱ्यानं पडतील. तिनं घागरी वाहिल्या त्या ह्याच्यासाठी? पीक हाय ते. पिकलंय. येळंवर काढलं तर बुंध्याला परत फुटतंय. माझ्या हयातीत, माझ्या डोळ्यांम्होरं काढू दे मला."

सुवर्णा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. सकाळी उठून तिनंच थर्मासमध्ये चहा भरला.

परवाना आला आणि उन्हाळ्यात, पानं झडलेली असताना, तोड सुरू झाली. आता कुऱ्हाड कुठली, यंत्राची करवत. क्षणात झाड आडवं. अण्णा मात्र रोज सकाळी जाऊन त्या दिवशी पडायच्या प्रत्येक झाडाला मिठी मारून यायचे. टेप घेतला नव्हता. गळ्यातलं लिंग मुठीत धरायचे, कपाळ सालीला टेकायचे आणि पुढच्या झाडाकडं जायचे. सुवर्णा त्यांच्यामागून भस्माची वाटी घेऊन चालायची आणि झाडाला तीन बोटं ओढायची. माणसं थांबून राहायची. घाई कुणी केली नाही. बुंधे जमिनीलगत, उतरते कापून घ्यायचे, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही आणि फुटवा जोमदार येतो, यावर अण्णांचा बारीक डोळा. एक बुंधा वर राहिला तर नव्या मुकादमाला त्यांनी असा झाडला की मला जुने अण्णा परत आल्यासारखं वाटलं.

शेवटचं झाड पडलं तेव्हा समाधीवर ऊन आलं. लख्ख, उघडं ऊन. अण्णा कट्ट्याच्या फुटक्या कोपऱ्यावर बसले, टॉवेलनं दगडावरचा पाला झाडला आणि म्हणाले, "आता बरं." कुणाला म्हणाले ते मी विचारलं नाही.

त्याच वर्षी मी निवृत्त झाले आणि कळंबला परतले. निघायच्या आधी श्रावणात अण्णांना सांगायला गेले तर ते घरी नव्हते. कुठं असणार ते ठाऊक होतं. बागेच्या बांधावर पोचले आणि तिथंच थांबले. प्रत्येक बुंध्यातून फुटव्यांचे झुबकेच्या झुबके आले होते, तळहाताहून मोठी हिरवीगार पानं. एका बुंध्यावरचा एकच फुटवा ठेवायचा आणि बाकीचे मोडायचे, तरच त्याचं झाड होतं. हे काम अण्णांनी आयुष्यभर क्षणात केलं होतं, डोळे मिटूनसुद्धा केलं असतं.

त्या दिवशी ते एका बुंध्याशी गुडघे मोडून बसले होते. दोन्ही हातांत दोन फुटवे धरलेले, आणि मान समाधीकडं वळवलेली.

"ह्यो ठेवू का त्यो?"

आवाज घरात विचारल्यासारखा, भाजी कुठली आणू असा. मग ते थांबले. अण्णांसारखा क्षणात ठरवणारा माणूस इतका थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. मला हाक मारायची होती, निरोप घ्यायचा होता, पण त्या दोघांच्या मध्ये बोलायला नको म्हणून मी बांधावरच राहिले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"बरं," अण्णा म्हणाले. उजव्या हातातला फुटवा त्यांनी हळूच मोडला, डावा ठेवला. काठी टेकत उठले आणि पुढच्या बुंध्याशी जाऊन परत बसले.

मी तशीच मागं फिरले. दोन पावसाळ्यांनी सुवर्णाचा फोन आला, अण्णा गेले म्हणून. कुठं ठेवलं ते मी विचारलं नाही. तिनंच आपणहून सांगितलं, "बाई, बाग माझ्यापेक्षा उंच झालीय. दाटी व्हायला लागलीय. यंदा चुना घेऊन मलाच जायला पाहिजे."

"मग जा की," मी म्हटलं. "आणि एकटीनं ठरवू नकोस. दोघांनाही विचार."